आधी ऊब, मग दूध : चिपळूणजवळच्या चार पिल्लांचं प्रकरण

प्रकरण चिपळूणजवळच्या एका वाडीतलं, ऐन जुलैतलं. पहिलटकरीण मांजर, चार पिल्लं, वय साधारण दीड दिवस. घरातल्या आजी आणि नववीत शिकणारी त्यांची नात अशा दोघी मांजर आणि पिल्लं एका टोपलीत घालून रिक्षाने दवाखान्यात आल्या. टोपलीतच फरक दिसत होता. राखाडी आणि काळं-पांढरं अशी दोन पिल्लं आईच्या पोटाशी घट्ट चिकटलेली. पिवळं तिच्यापासून वीतभर लांब, तोंड उघडझाप करत पडलेलं. तिरंगी एका फडक्यात वेगळी गुंडाळलेली, हालचाल जवळजवळ नाहीच.

"डॉक्टर, हे पिवळं तरी वाचवा. ती तिरंगी गेल्यात जमा आहे," आजी म्हणाल्या. तसं वाटणं अगदी स्वाभाविक होतं. पण प्रत्यक्षात झालं उलटं. ते का झालं हे कळावं म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

वजनं घेतली. राखाडी १०४ ग्रॅम, काळं-पांढरं ९६, पिवळं ७१, तिरंगी ६४. मांजरीचं पिल्लू जन्मतः साधारण ९० ते ११० ग्रॅमचं असतं. ऐंशीच्या खालच्या पिल्लाकडे पहिल्या दिवसापासून डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. मग तापमान घेतलं. पहिल्या आठवड्यात पिल्लाचं अंग ३५ ते ३७ अंश सेल्सिअस असतं, मोठ्या मांजरापेक्षा थोडं कमीच. थोरल्या दोघांचं ३६ च्या आसपास आलं. पिवळ्याचं ३२.४. तिरंगीच्या वेळी थर्मामीटरवर आकडाच उमटेना, नुसतं 'लो'. घरगुती डिजिटल थर्मामीटर साधारण ३२ अंशांच्या खालचं मोजतच नाही. ते 'लो' दिसलं की यंत्र बिघडलंय असं समजून बाजूला ठेवू नका, तोच खरा धोक्याचा आकडा आहे.

आजींनी सांगितलेली हकीकत नीट होती आणि तिचा फार उपयोग झाला. बाळंतपण माळ्यावर झालं. चारही पिल्लं पहिल्या काही तासांत आईला लुचताना त्यांनी स्वतः पाहिली होती. ही बाब महत्त्वाची, कारण चिकातली रोगप्रतिकारक द्रव्यं पिल्लाच्या आतड्यातून रक्तात शिरायची मुदत जेमतेम सोळा-अठरा तासांची असते. मग रात्री वाऱ्याने कौल सरकलं आणि पाणी नेमकं पिल्लांच्या पोत्यावर ठिबकायला लागलं. मांजरीने पिल्लं उचलायला सुरुवात केली. दोन नेऊन खालच्या खोलीत कपाटामागे ठेवली, उरलेली दोन मात्र भिजल्या पोत्यावरून घरंगळून कोब्यावर पडली आणि सकाळपर्यंत तिथेच राहिली.

मांजर आपली पिल्लं सात घरं फिरवते हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यामुळे जिन्यात किंवा माळ्यावर एकटं पिल्लू दिसलं की लगेच उचलू नये, लांबून वाट पाहावी, हे बरोबरच आहे. पण ते कधी? पिल्लू हाताला उबदार लागत असेल, पोट गोल असेल, गप्प झोपलेलं असेल तेव्हा. गार पडलेल्या पिल्लासाठी वाट पाहायची नसते.

आजींनी सकाळी दोन्ही गार पिल्लं आईपुढे ठेवली. तिने हुंगली आणि नाकाने बाजूला सारली. माणसाला हे निर्दय वाटतं. मांजरीच्या बाजूने पाहिलं तर ज्या पिल्लाला ऊब नाही, आवाज नाही, ते तिच्या लेखी गेलेलं असतं. मग शेजारच्या एका बाईंनी मदत म्हणून गाईचं दूध कोमट केलं, पिवळ्याला तान्ह्या बाळासारखं हातात उताणं धरलं आणि ड्रॉपरने चार-पाच वेळा दूध घातलं. थोडं नाकातून बाहेर आलं. तिरंगी तोंडच उघडत नव्हती, म्हणून तिला फडक्यात गुंडाळून ठेवलं.

चांगल्या मनाने केलेल्या या कामात नक्की काय होतं ते समजून घ्यायला हवं. पहिल्या आठवड्यात पिल्लाला थरथरून अंगात ऊब आणता येत नाही. अंगावर चरबी जवळजवळ नसते, आकाराच्या मानाने कातडी खूप, त्यामुळे आई नाही आणि गादी ओली असली की ते झपाट्याने गार पडतं. अंग ३४ अंशांच्या खाली गेलं की आतडी थंडावतात. पोटात गेलेलं दूध पचत नाही, तिथेच आंबतं, पोट फुगतं. लुचण्याची आणि गिळण्याची उपजत क्रियाही मंदावते. अशा वेळी तोंडात ओतलेलं दूध अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरायला वेळ लागत नाही, आणि पिल्लू उताणं धरलेलं असेल तर वाट मोकळीच. भूक दिसते म्हणून आपण दूध देतो, पण गार पिल्लाला दूध देणं म्हणजे त्याला जास्त वेगाने मरणाकडे ढकलणं. अशक्त पिल्लाच्या बाबतीत मला एकच गोष्ट ठासून सांगायची असेल तर ही.

आम्ही दूध बाजूला ठेवलं आणि ऊब द्यायला घेतली.

औषधांच्या खोक्यात जुना टॉवेल, त्यावर मऊ फ्लॅनेल. दोन प्लास्टिकच्या बाटल्यांत गरम पाणी भरून त्यांवर मोजे चढवले आणि खोक्याच्या एकाच बाजूला ठेवल्या. एकाच बाजूला अशासाठी, की जास्त गरम झालं तर पिल्लाला सरकायला जागा हवी. गरम बाटलीला पिल्लाची कातडी थेट लागू द्यायची नाही, कारण ते स्वतःहून दूर होऊ शकत नाही आणि भाजतं. आणि बाटली गार झाली की लगेच काढायची. गार झालेली बाटली पिल्लाचीच ऊब शोषून घेते, हे रात्री पेंगताना विसरायला होतं. खोक्यातली हवा ३० अंशांच्या आसपास राहील असं पाहिलं. हेअर ड्रायर, शेगडीजवळ धरणं, गरम पाण्यात बुडवणं यातलं काही करायचं नाही. अंग वरून भराभर तापवलं की कातडीतल्या रक्तवाहिन्या पसरतात, आतल्या अवयवांचं रक्त कमी होतं आणि पिल्लू दगावतं. तासाला एखाद अंशाने तापमान वाढावं, एवढीच घाई. दोन्ही पिल्लांना थोड्या थोड्या वेळाने कूस बदलून दिली.

त्या वेळात बाकीची तपासणी केली. दोघांचं तोंड उघडून टाळू पाहिली. टाळूला फट असेल तर दूध नाकातून येतंच, मग कितीही जपून पाजा. दोघांची टाळू अखंड होती, म्हणजे पिवळ्याच्या नाकातून आलेलं दूध पाजण्याच्या पद्धतीमुळे आलं होतं. गुदद्वार तपासलं, नाळेची जागा पाहिली, सूज नव्हती. पातळ केलेल्या ग्लुकोजचा एकेक थेंब बोटाने हिरड्यांवर चोळला. अशा पिल्लांच्या रक्तातली साखर भराभर उतरते आणि हिरड्यांमधून थोडी तरी आत जाते. तो थेंब चोळायचा, तोंडात ओतायचा नाही.

मांजर हडकुळी होती, पण ताप नव्हता. आठही आचळं मऊ होती, कुठे गाठ वा लाली नाही, दाबल्यावर दूध येत होतं. म्हणजे आईकडे दूध होतं. ते ओढून घेण्याची ताकद या दोघांत नव्हती.

दीड-दोन तासांनी तिरंगीचा आकडा थर्मामीटरवर पहिल्यांदा उमटला. ती हळूहळू ३५ च्या वर आली तेव्हा स्वच्छ धुतलेली करंगळी तिच्या तोंडाला लावली. आधी काहीच नाही, मग जिभेची एक वळी बोटाभोवती झाली आणि ओढ जाणवली. अगदी बारीक ओढ. नातीला तिची करंगळी लावायला सांगितली, कारण पुढे घरी हीच परीक्षा प्रत्येक पाजण्याआधी तिला करायची होती. अंग उबदार आणि बोट ओढलं जातंय, तरच दूध.

आता किती पाजायचं? अंदाज नको, वजनावरून हिशोब हवा. या वयात दिवसाला दर १०० ग्रॅम वजनामागे साधारण २० किलोकॅलरी लागतात. पिल्लांच्या तयार दुधात मिलीलीटरला एक किलोकॅलरीच्या थोडं खाली ऊर्जा असते. म्हणजे ६४ ग्रॅमच्या तिरंगीला दिवसाला १४-१५ मिली. पोटात एका वेळी दर १०० ग्रॅममागे सुमारे ४ मिली मावतं, म्हणजे हिच्या पोटाची कमाल अडीच मिली. कमालीपर्यंत जायचंच नाही. दर दोन तासांनी सव्वा मिली, रात्रीसुद्धा. पहिली दोन पाजणी मात्र अर्धा-अर्धा मिलीचीच ठेवली, कारण आतडी नुकतीच जागी होत होती.

दूध कोणतं, हा प्रश्न गावाकडे खरा अडतो. गाईच्या दुधात मांजरीच्या दुधाच्या मानाने प्रथिनं निम्म्याहूनही कमी आणि लॅक्टोज जास्त, त्यामुळे पिल्लाला हगवण लागते आणि वाढ खुंटते. मांजरीच्या पिल्लांसाठीची दूध पावडर आमच्याकडे त्या दिवशी नव्हती. ती पुण्याहून मागवली आणि दुसऱ्या दिवशी मिळाली. मधल्या रात्रीपुरतं सगळ्यात चांगलं दूध होतं आईचंच. थोरली दोन पिल्लं अर्ध्या तासासाठी उबेच्या खोक्यात हलवली आणि तिरंगीला मागच्या आचळाला धरलं, तिथे दूध भरपूर असतं. अंग गरम असल्यामुळे मांजरीने या वेळी तिला सारलं नाही. हुंगलं आणि शेपटीखाली चाटायला लागली. त्या चाटण्याला मोल आहे, कारण पहिले तीन आठवडे पिल्लाला स्वतःहून शी-शू करता येत नाही. आई चाटते म्हणून होते. आई नसेल तर कोमट पाण्यात पिळलेल्या कापसाने हेच काम प्रत्येक पाजण्याच्या वेळी हलक्या हाताने करावं लागतं. लघवी पाण्यासारखी फिकट असावी. गडद पिवळी झाली तर पिल्लाच्या अंगात पाणी कमी पडतंय.

(पावडर मिळत नसेल आणि आईही नसेल तर एक कप उकळून गार केलेल्या सायीच्या दुधात तीन अंड्यांचे पिवळे बलक आणि एक मोठा चमचा तेल घोटून, गाळून देता येतं. पण ते एक-दोन दिवसांची वेळ भागवण्यापुरतं, महिनाभर चालवायचं नाही.)

आता पिवळ्याबद्दल. त्याचंही अंग उबेत वर आलं, तिरंगीपेक्षा लवकर. पण अंग गरम होत गेलं तसा श्वास वाढत गेला. या वयात पिल्लू मिनिटाला १५ ते ३५ वेळा श्वास घेतं, याचा साठाच्या पुढे होता. छातीला स्टेथोस्कोप लावल्यावर बारीक चरचर ऐकू येत होती. दूध फुप्फुसात गेलं होतं. अँटिबायोटिक सुरू केलं, कातडीखाली कोमट सलाईन दिलं, तोंडाने काही द्यायचं थांबवलं. दुसऱ्या दिवशी त्याने आईचं आचळ धरलंही, पण दोन ओढींत धाप लागून सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी पहाटे ते गेलं. आजींनी परसात पुरलं.

सकाळी दोघांत पिवळं थोडं जास्त गरम होतं, जास्त वजनाचं होतं, ओरडतही होतं. त्याच्या आणि तिरंगीच्या वाट्याला आलेल्या गोष्टींत मोठा फरक एकच होता, तो गार अंगावर पाजलेल्या दुधाचा. तिरंगीने तोंड उघडलं नाही म्हणून ती त्यातून सुटली. हे मी त्या शेजारच्या बाईंना दोष देण्यासाठी सांगत नाही. त्यांनी हात पुढे केला, घरातले बाकीचे नुसते बघत होते. त्यांना कुणी आधी सांगितलेलं नव्हतं, एवढंच. म्हणूनच ते इथे सांगायचं.

पाजण्याची रीत नातीने पहिल्याच दिवशी उचलली. पिल्लू नेहमी पोटावर, आईला लुचताना असतं तसं, मान किंचित वर. हनुवटीखाली एक बोट. १ मिलीची सुई नसलेली सिरिंज, तिच्या टोकाला सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा उकळलेला तुकडा. तो पक्का बसलाय ना हे दर वेळी ओढून पाहायचं, नाहीतर पिल्लू तो गिळतं. दूध मनगटावर टाकून पाहायचं, ना गरम ना गार. थेंब जिभेवर ठेवायचा आणि पिल्लाने ओढला की पुढचा. दट्ट्या आपण दाबत सुटायचं नाही. नाकात बुडबुडा दिसला की थांबायचं, डोकं खाली करून नाक पुसायचं, श्वास नीट झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. आजींची जुनी पद्धत कापसाच्या वातीने दूध चोखवण्याची होती. तिच्यात किती गेलं ते कळत नाही आणि कापसाचे धागे पोटात जातात, म्हणून ती सोडायला सांगितली. त्यांनी लगेच ऐकलं, पण वातीचा कापूस वाया नको म्हणून तोच पुसायच्या कामाला घेतला.

वीज रोजच जात होती. म्हणून हीटिंग पॅड किंवा बल्बवर भिस्त ठेवलीच नाही. चुलीवर पाण्याचं पातेलं कायम असायचं आणि बाटल्या आळीपाळीने बदलल्या जायच्या. रात्रीची पाजणी आजी आणि नातीने वाटून घेतली.

पाचव्या-सहाव्या दिवशी फोन आला : तिरंगीचं पोट फुगलंय, शी पातळ आणि पांढुरकी. घेऊन या म्हटलं. अंग उबदार होतं, ओढ चांगली होती. चौकशी केली तर रात्री अंधारात पावडरचे चमचे शीग लावून पडत होते आणि शिवाय "पोर मागतंय म्हणून" अर्धा मिली जास्तीचा जात होता. दाट दूध आणि जादा दूध, दोन्ही एकदम. एक दिवस दूध थोडं पातळ केलं, मात्रा एक मिलीवर आणली आणि वेळा वाढवल्या. पोटावर कोमट फडक्याने हलकं चोळलं. दुसऱ्या दिवशी शी मोहरीच्या रंगाची, टूथपेस्टसारखी घट्टसर झाली, आणि तशीच ती असायला हवी. पिल्लाने तोंड फिरवेपर्यंत पाजायचं, ही माणसाच्या बाळाची सवय इथे चालत नाही. सिरिंजने पाजलं जाणारं पिल्लू पोट भरलं तरी ओढत राहतं. हात आपण आखडायचा.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो वजनकाट्याचा. नातीने शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर रोज सकाळी, पहिल्या पाजण्याआधी, तिन्ही पिल्लांची वजनं लिहिली. निरोगी पिल्लू दिवसाला १० ते १५ ग्रॅम वाढतं आणि दोन आठवड्यांत जन्माच्या दुप्पट होतं. तिरंगीचे आकडे असे गेले : ६४, मग ६२, ६३, ६९, ७५, मग पोट बिघडलं त्या दिवशी ७४, आणि त्यानंतर रोज सात-आठ ग्रॅमची चढण. दोन आठवड्यांची झाली तेव्हा ती १४१ ग्रॅमची होती आणि राखाडी भाऊ २३० चा. भावाशी तुलना करून आजी हळहळायच्या. मी त्यांना तिरंगीच्या कालच्या आकड्याशी तुलना करायला सांगत होतो. एक दिवस वजन वाढलं नाही तर सावध व्हायचं, दुसऱ्या दिवशीही नाही किंवा घटलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. डोळ्यांना पिल्लू मलूल दिसायच्या आधी काटा सांगतो.

घरात कुत्रा होता आणि मांजरीच्या अंगावर पिसवा होत्या. छोट्या पिल्लाच्या रक्तावर पिसवा पडल्या की तेवढ्यानेच ते पांढरंफटक पडून मरू शकतं. घरात कुत्र्यासाठी आणलेली पिसवांची पावडर होती, ती वापरण्याआधी त्यांनी विचारलं हे फार बरं झालं. अशा औषधांत पुष्कळदा पर्मेथ्रिन असतं आणि ते मांजरांना विष आहे, लहान-मोठ्या सगळ्याच. बारीक दातांच्या फणीने पिसवा काढायच्या, साबणाच्या पाण्यात बुडवायच्या, अंथरूण रोज उकळत्या पाण्यात धुवायचं, एवढंच केलं. त्या खोलीत फिनेलने लादी पुसणंही बंद केलं. फिनेलमधले घटक मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत, आणि पिल्लू तर त्याच लादीवर पोट घासत फिरणार असतं.

दहाव्या दिवशी तिरंगीचा उजवा डोळा किलकिला झाला, डावा नंतर. दोन्ही स्वच्छ होते. तिसऱ्या आठवड्यापासून ती आईला स्वतःच्या बळावर पुरेसं लुचायला लागली आणि सिरिंज दिवसातून तीनदा, मग दोनदा, मग बंद झाली. जंताचं औषध तिसऱ्या आठवड्यानंतर वजनाप्रमाणे सुरू केलं. चौथ्या आठवड्यात बशीतलं पातळ खाणं चाटायला लागली, पाय बशीत घालून.

आठव्या आठवड्यात तिन्ही पिल्लं पहिल्या लसीला आली. तिरंगी ६८० ग्रॅम, अजूनही तिघांत लहान, पण हिरड्या गुलाबी आणि टेबलावर क्षणभर स्थिर नाही. राखाडी आणि काळं-पांढरं यांना वाडीतच घरं मिळाली आहेत, तिरंगी आजींकडे राहणार आहे. मांजर दूध पाजत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते, हे आजींना पटवायला थोडा वेळ लागला. पिल्लं सुटल्यावर दूध आटू दिलं आणि तिचं ऑपरेशन केलं. तिरंगीचं पाचव्या महिन्यात करायचं ठरलं आहे.